सायकलची चेन : घरच्या घरी सफाई आणि तेलपाणी



एरवी या पानावर मी बेणे, लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांवर लिहीत असतो. या खेपेस सायकलवर लिहितो आहे म्हणून काहींना नवल वाटेल. पण गटातून फिरताना सभासद जे विचारतात ते सगळेच काही उसाचे नसते. मध्यंतरी माण भागात ऊसनोंदीसाठी गेलो असता एका सभासदाने बांधावरच अडवून विचारले, "साहेब, दर रविवारी मी पोरीच्या सायकलला हातानं तेल पाजतो. मग चेन पडते कशी?"

मुलगी सायकलवरून शाळेला जाते. संध्याकाळी हिंजवडीच्या रस्त्याला कंपन्या सुटलेल्या असतात, बस, मोटारी, खडी-मुरमाचे डंपर यांची रीघ लागलेली असते. अशा वेळी रस्ता ओलांडायला म्हणून तिने पायडलवर उभे राहून जोर दिला आणि चेन पडली. पाय एकदम मोकळा गेला आणि मुलगी आडवी झाली. मागच्या गाडीवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून गुडघ्यावर निभावले.

सायकल ओट्यालाच उभी होती, ती पाहिली. चेन कसली, डांबराची दोरी! बोट लावले तर काळा, कचकच लागणारा लेप बोटावर आला. दातेचक्राच्या प्रत्येक खाचेत तोच लेप भरलेला. तेल कमी पडले नव्हते. जरुरीपेक्षा कितीतरी जास्त पडले होते, आणि नको त्या जागी पडले होते. ही गोष्ट त्या एका घरची नाही. त्यानंतर मी जिथे जाईन तिथे सायकलच्या चेनकडे बघू लागलो, आणि दहातल्या सात-आठ चेन एकतर गंजून लाल, नाहीतर तेलात बुडून काळ्या अशाच दिसल्या. म्हणून हा लेख.

आपल्या या पट्ट्याला सायकल नवी नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठीच्या दशकात चिंचवड-आकुर्डीकडे मोठमोठे कारखाने आले, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसे डबा हँडलला अडकवून सायकलवर पाळीला जाऊ लागली. आपल्या कारखान्यांतले चिटबॉय आणि शेतकी मदतनीससुद्धा त्या काळी सायकलवरच शिवारे पालथी घालीत. आता मोटारसायकली आल्या, माण-हिंजवडीत आयटी पार्क उभा राहिला. तरी सायकल गेलेली नाही. शाळेची मुले आहेत, दुधाची किटली अडकवून जाणारे आहेत, उसाचे वाढे कॅरिअरला बांधून गोठ्याकडे नेणारे आहेत, कंपन्यांत रखवालीला आणि सफाईला जाणारे आहेत. रस्त्यावरची धूळ मात्र वाढली. इमारतींची कामे, रस्त्यांची खोदाई, मेट्रोचे खांब, खडीची वाहतूक यांनी उन्हाळ्यात झाडांची पानेसुद्धा पांढरी दिसतात. या धुळीत दगडाची बारीक कच असते, आणि दगड लोखंडाला खातो.

आता चेनची रचना समजून घ्यावी, म्हणजे पुढचे सगळे आपोआप पटेल. चेन ही नुसत्या पट्ट्या जोडून केलेली नसते. दोन बाहेरच्या पट्ट्या एका पिनेवर घट्ट ठोकलेल्या असतात. त्या पिनेवर एक बारीक नळी असते, तिला बुश म्हणतात. आतल्या दोन पट्ट्या या बुशावर बसतात. आणि बुशाच्या अंगावर मोकळा फिरणारा एक छोटा रूळ, म्हणजे रोलर, असतो. दातेचक्राचा दात या रोलरला टेकतो. ही बुश-रोलरची चेन मँचेस्टरला राहणाऱ्या हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस गृहस्थाने १८८० साली काढली. इतकी वर्षे झाली तरी सायकलच्या चेनची मूळ कल्पना जवळपास तीच आहे. एका पिनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. साध्या काळ्या सायकलला अशा शंभरावर कड्या असतात.

आपल्या कारखान्याची गव्हाण आठवा. हंगामाच्या पहिल्या दिवशी आपण तिच्यात मोळी टाकतो. गव्हाणीवरचा सारा ऊस चेनच ओढून नेते. आकार अवाढव्य, पण तत्त्व तेच : पिन, पिनेभोवती बुश, आणि सगळी झीज त्या दोघांच्या मध्ये. हंगाम संपला की ओव्हरहॉलिंगमध्ये ती चेन तपासतात, झिजलेल्या पिना-बुश बदलतात. कारण भर हंगामात गव्हाण थांबली तर मिल थांबते, आणि अड्ड्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. सायकलच्या चेनला ओव्हरहॉलिंग करणारा कोणी नाही, ते आपल्यालाच केले पाहिजे.

तर मुद्दा हा की, तेल कुठे हवे? पिन आणि बुश यांच्या मध्ये, आणि बुश आणि रोलर यांच्या मध्ये. म्हणजे आत. बाहेरच्या पट्टीवर चकाकणाऱ्या तेलाचा गंज अडवण्यापलीकडे काडीचा उपयोग नाही, आणि गंज अडवायला पुसल्यावर राहिलेला ओलावा पुरतो. उलट बाहेरचे तेल धूळ धरते. तेल अधिक दगडाची कच म्हणजे व्हॉल्व्ह घासायला गॅरेजवाले जी पेस्ट वापरतात तिचीच बहीण. प्रत्येक पायडलला ती थोडी आत जाते आणि पिनेला घासते. म्हणजे आमचे सभासद दर रविवारी प्रेमाने जे करत होते त्याने चेन वंगण खात नव्हती, घासपेस्ट खात होती. खताचे तसेच आहे बघा. युरिया सरीत ओतून दिला म्हणून तो मुळाला लागतो असे नाही. जिथे लागतो तिथे, जेवढा लागतो तेवढाच दिला पाहिजे. ज्यांनी ठिबक केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

"चेन ताणली" असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोखंडाची पट्टी ताणली जात नाही. पिन झिजते, बुश झिजतो आणि प्रत्येक सांधा किंचित लांबतो. हिशेब करून पाहा. एका सांध्याला ०.१३ मिलिमीटर, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढी झीज झाली, तर ११० कड्यांच्या चेनमध्ये ती जवळजवळ १४ मिलिमीटर होते. एका कडीपेक्षा जास्त! चेन लोंबते ती यामुळे. आणि अंतर वाढलेली चेन दाताच्या बुडाशी न बसता दाताच्या शेंड्याकडे चढू लागते. जोर पडला की सटकते. सपाटीवर, हळू चालवताना काही कळत नाही. चढाला, किंवा रस्ता ओलांडताना उभे राहून जोर देतो तेव्हाच ती दगा देते.

ही झीज घरी मोजता येते. त्यासाठी एक फुटाची स्टीलची पट्टी लागते, शाळेची प्लॅस्टिकची नको. चेनच्या वरच्या बाजूला ताण यावा म्हणून पायडलवर हाताने दाब द्यावा आणि मागचे चाक दुसऱ्याने धरावे. पट्टीचे शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर ठेवावे. नवीन चेन असेल तर २४ कड्या मोजल्यावर पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर येतो. ती पिन १२ इंचांच्या पुढे १/१६ इंच गेली असेल तर चेन अर्धी उतरली असे समजावे आणि लक्ष ठेवावे. १/८ इंच गेली तर चेन बदलावी, मग ती दिसायला कितीही चांगली असो. इथे पुष्कळ जण काटकसर करतात आणि तीच महागात पडते. झिजलेली चेन तशीच चालवली तर ती दातेचक्र आणि फ्रीव्हील दोन्हीचे दात आपल्या मापाने खाते. दात वाघनखासारखे एका अंगाला वाकडे दिसू लागतात. मग नवीन चेन टाकली तरी ती जुन्या दातांवर बसत नाही, सटकतेच. शेवटी तिन्ही वस्तू घ्याव्या लागतात.

आता सफाई. साहित्य फार नाही : दोन-तीन सुती चिंध्या, एक जुना टूथब्रश, एक काटकी किंवा बोथट स्क्रू-ड्रायव्हर, जुने वर्तमानपत्र आणि वाटीभर डिझेल. पूर्वी यासाठी रॉकेल वापरीत, आता बहुतेक घरांत ते येत नाही. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांच्या घरी वाटीभर डिझेल निघतेच. नसेल तर भांडी घासायचे लिक्विड आणि गरम पाणी चालते, फक्त मेहनत जास्त. पेट्रोल मात्र कोणीही वापरू नये. पेट्रोलची वाफ साध्या हवेतसुद्धा उठते, जमिनीलगत पसरते आणि चार हातांवरच्या चुलीला किंवा गॅसच्या शेगडीला जाऊन भेटते. चेन साफ करताना घर पेटवल्याची पाळी कोणावर येऊ नये. डिझेलसुद्धा अंगणात, उघड्यावर, विडी-काडी बाजूला ठेवूनच वापरावे.

सायकल मधल्या स्टँडवर घ्यावी. नुसते एका बाजूचे स्टँड असेल तर मागचे चाक अधांतरी राहील अशी टांगावी किंवा उलटी करावी. चेनवर पूर्ण कव्हर असेल तर ते काढावे लागेल. कव्हराचे स्क्रू हरवतात, ते वाटीत टाकून ठेवावेत. मागच्या चाकाची रिम वर्तमानपत्राने झाकून घ्यावी. हे कशासाठी, तर डिझेलचा किंवा तेलाचा एक ओघळ रिमवर गेला की ब्रेकचे रबर घसरते. चेनची सेवा करून ब्रेक घालवला तर काय मिळवले? चुकून उडालेच तर साबणाच्या पाण्याने रिम आणि रबर धुऊन कोरडे केल्याशिवाय सायकल कोणाच्या हाती देऊ नये.

आधी सगळे कोरडे काम. दातेचक्राच्या आणि फ्रीव्हीलच्या खाचांतला लेप काटकीने खरडून काढावा. खूप निघतो. केस, दोरे, उसाच्या पाचटाचे तुकडे, गवत यांची मळणी झालेली असते. मग चिंधीने चेन बाहेरून पुसून घ्यावी. एवढ्याने निम्मी घाण जाते आणि डिझेल कमी लागते. त्यानंतर टूथब्रश डिझेलमध्ये बुडवून, झटकून, वीतभर वीतभर चेन चारी बाजूंनी घासावी. ब्रश ओथंबता नको. फ्रीव्हीलवर डिझेल ओतू नये. त्याच्या पोटात छर्‍या आणि कुत्री असतात, त्यांचे वंगण धुऊन जाते आणि मग फ्रीव्हील कोरडे कुरकुरते, नाहीतर पायडल मारताना मोकळे फिरते. वॉशिंग सेंटरवर मोटारसायकलीबरोबर सायकलही जोराच्या फवाऱ्याखाली धरायची टूम निघाली आहे. ती याच कारणाने वाईट. पाणी हबमध्ये आणि फ्रीव्हीलमध्ये शिरते आणि ग्रीस बाहेर काढते.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण तीत बोटे जातात, अगदी शब्दशः. घरोघरी असे चालते की बाप चेन पुसतो आणि पोरगे हौसेने पायडल फिरवते. किंवा उलटे. कृपा करून असे करू नये. दातेचक्र आणि चेन यांच्या मध्ये बोट सापडले तर पेर तुटते. आणि पायडल फिरवणाऱ्याला ओरडा ऐकू येईपर्यंत अर्धा फेरा होऊन गेलेला असतो. चेन पुसणारा आणि पायडल फिरवणारा एकच माणूस असावा. डाव्या हाताने पायडल फिरवावे, उजव्या हातात चिंधी. पायडल नेहमी उलटे फिरवावे, म्हणजे फ्रीव्हीलमुळे चाक जागेवर राहते आणि नुसती चेन फिरते. चिंधी चेनच्या खालच्या बाजूला, मध्यावर धरावी, दोन्ही चक्रांपासून वीतभर लांब. उलटे फिरवताना खालची चेन पुढच्या मोठ्या चक्राकडे धावते, तेव्हा चिंधीचे लोंबते टोक तिकडे जाऊ देऊ नये. चिंधी लहान घ्यावी, तळहातात मावेल एवढी. साडीचा पदर, ओढणी, मफलर, अंगठी, हातातला धागा सगळे आवरून बसावे. लहान लेकरू रांगत असेल तर त्याला कोणाकडे तरी द्यावे. फिरणारे चक्र दिसले की त्यांचा हात जातोच.

डिझेलने धुतल्यावर कोरड्या चिंधीने, चिंधीवर काळे येईनासे होईपर्यंत, चेन पुसावी. मग तासभर उन्हात ठेवावी. साबणपाण्याने धुतली असेल तर हे उन्हात ठेवणे चुकवू नये आणि तेल त्याच दिवशी द्यावे. ओल्या, उघड्या लोखंडाला एका रात्रीत तांबूस रंग येतो. ओल्या चेनवर तेल घातले तर पाणी आतच कोंडते.

काही चेनला जोडकडी असते, तिच्यावर माशाच्या आकाराची छोटी क्लिप बसवलेली दिसते. अशी चेन फारच बरबटली असेल तर क्लिप पक्कडीने सरकवून चेन काढता येते आणि पसरट डब्यात डिझेलमध्ये हलवून धुता येते. परत लावताना क्लिपेचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. म्हणजे क्लिप वरच्या बाजूला असताना बंद टोक हँडलकडे. उलटी लावली तर चालताना कशाला तरी अडकून ती निघते, आणि चेन रस्त्यावर पडते. जोडकडी नसेल तर घरी हातोडी-खिळ्याने पिन ठोकण्याच्या भानगडीत पडू नये. पिन वाकडी बसली की ती कडी जाम होते. चेन जागेवरच साफ करावी.

नवी चेन असेल तर ती धुऊच नये. कारखान्यातून येताना तिच्या आत जे ग्रीस भरलेले असते तेवढे चांगले वंगण आपल्याला आत पोचवता येत नाही. तिला नुसती बाहेरून पुसावी.

आता तेल कोणते, यावर गावोगाव मतभेद. बरेच जण ट्रॅक्टरचे जळके तेल वापरतात, फुकट मिळते म्हणून. त्यात इंजिनची काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. जे तेल इंजिनाने नाकारले ते चेनला कसे चालेल? शिवाय ते हाताच्या कातडीलाही वाईट. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठते ते आपण पाहतो, पौष महिन्याच्या सकाळी ते चेनमध्येही गोठते. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल काही दिवसांत चिकट होते, भजी तळायच्या कढईच्या कडेला जो पिवळा थर धरतो तोच चेनमध्ये धरतो. ग्रीस वरून फासले तर ते आत शिरत नाही, बाहेर बसून धूळ गोळा करते. शिलाई मशीनचे तेल चांगले, आत छान जाते, पण पातळ असल्याने टिकत नाही आणि एका पावसात धुऊन जाते. कोरड्या दिवसांत दर आठवड्याला देणार असाल तर खुशाल वापरा. गंज सोडवायचा जो स्प्रे मिळतो तो जाम कडी मोकळी करायला उत्तम, वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. माझे मत विचाराल तर आपल्या साध्या सायकलला ट्रॅक्टरमध्ये किंवा मोटारसायकलमध्ये घालतो तेच, पण न वापरलेले, नवे इंजिन ऑइल बरे. ऑइल बदलल्यावर डब्याच्या तळाशी जे चार थेंब उरतात ते एका सायकलला वर्षभर पुरतात. गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते, कड्यांमध्ये फट कमी. तिला सायकलच्या दुकानात मिळणारे चेनचेच तेल घ्यावे, आणि तिची झीज १/१६ इंच झाली की बदलून टाकावी, कारण तिच्या मागच्या चक्रांचा संच महाग असतो.

तेल देण्याची रीत अशी. जनावराला टोचायची नवी सिरिंज घ्यावी, सुई काढून टाकावी. औषधाच्या बाटलीचा ड्रॉपरही चालेल. खालच्या चेनच्या वरच्या अंगाला, म्हणजे जी बाजू दातावर बसते त्या बाजूला, प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकावा. एकच. थेंब रोलरच्या आणि पट्टीच्या फटीत जाईल असा. जोडकडीपासून सुरू करावे, नसेल तर एका कडीला खडूची खूण करावी, म्हणजे कुठून सुरुवात केली ते कळते. शंभर-सव्वाशे थेंब म्हणजे झाले किती? चहाचा एक चमचा. सगळ्या चेनला एक चमचा तेल! ज्यांना वाटते की चेनला तेलाच्या धारेने आंघोळ घालावी त्यांनी एकदा चमच्याने मोजून पाहावे.

थेंब देऊन झाले की वीस-तीस वेळा पायडल उलटे फिरवावे आणि सायकल तशीच रात्रभर ठेवावी. तेलाला पिन आणि बुशाच्या मध्ये झिरपायला वेळ लागतो. सकाळी कोरड्या चिंधीने चेन बाहेरून चांगली रगडून पुसावी. हे पुसणेच नेमके कोणी करत नाही. पुसल्यावर चेन कोरडी दिसते, म्हणून घरातला कोणीतरी "अरे, तेल कुठं घातलंय?" असे म्हणणारच. बोट लावून पाहावे. बोटाला नुसता ओशटपणा लागला, ओघळ नाही, म्हणजे काम बरोबर झाले. तेल आत आहे.

उलटे फिरवताना एखादी कडी मागच्या चक्रावरून उतरताना वाकडीच राहते, उडी मारते. ती जाम कडी. तिला थेंबभर तेल देऊन दोन्ही हातांनी आडवी, म्हणजे डावी-उजवी, हलकेच लववावी. मोकळी होते. होत नसेल तर आतून गंजली आहे, सायकलवाल्याकडून ती बदलून घ्यावी.

साफ झालेली चेन ढिली वाटेल, कारण लेपाने तिला आवळून धरले होते. तेव्हा ताण पाहावा. दोन्ही चक्रांच्या मध्यावर चेन बोटाने वर-खाली करावी, एकूण हालचाल अर्धा इंच असावी. पण पायडल थोडे थोडे फिरवत चार ठिकाणी पाहावे. दातेचक्र क्वचितच अगदी गोल बसलेले असते, त्यामुळे चेन एका जागी घट्ट आणि एका जागी सैल लागते. जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे अर्धा इंच मिळाला पाहिजे. मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढावे, दोन्ही बाजूंनी सारखे, चाक चिमट्याच्या बरोबर मध्ये आहे ना ते पाहावे आणि नट घट्ट आवळावेत. फार आवळलेली चेनही वाईट, पायाला जड जाते आणि हबचे छर्रे खाते. मघाच्या मुलीच्या सायकलचा इलाज असाच झाला. पट्टी लावली तेव्हा चेन १/८ इंचाच्या पुढे गेलेली निघाली, चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलावी लागली. मोठे दातेचक्र वाचले.

किती दिवसांनी करायचे? रोज शाळेला जाणाऱ्या सायकलला उन्हाळ्या-हिवाळ्यात पंधरवड्याला कोरडे पुसणे आणि थेंब देणे पुरे. धुणे दोनदा : एकदा मृग निघायच्या आधी, आणि एकदा पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास. तेव्हाच ऊसवाहतूक सुरू होते, रस्त्यावर ट्रॉल्यांची माती आणि पाचटाचा भुगा येतो. पावसाळ्यात मात्र पंधरवडा धरून बसू नये. आपल्या मुळशी-मावळच्या पावसात सायकल भिजली की त्याच संध्याकाळी चेन फडक्याने पुसावी, सुकू द्यावी, थेंब द्यावेत. पाच मिनिटांचे काम आहे. ज्यांच्या सायकलवरून खताची गोणी जाते त्यांनी जास्त जपावे. युरिया आणि पोटॅश दोन्ही हवेतले पाणी ओढतात, त्यातले म्युरेट ऑफ पोटॅश तर मिठाचा भाऊच. फाटक्या गोणीतले चार दाणे चेनवर पडून राहिले की तेवढ्या कड्या आठवड्यात लाल होतात. खत उतरवल्यावर ओल्या फडक्याने पुसून मग कोरडे करावे.

उरलेले काळे डिझेल पाटात, विहिरीच्या काठी किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात ओतू नये. जनावर चाटते, पाण्यावर तवंग धरतो. बाटलीत भरून दोन दिवस ठेवले की घाण तळाला बसते, वरचे निवळ डिझेल पुढच्या वेळी उपयोगी पडते. तळचा गाळ राखेत किंवा लाकडाच्या भुशात कालवून, बांधून, ज्या गॅरेजमध्ये जुने तेल गोळा करतात तिथे द्यावा. डिझेलच्या चिंध्या चुलीत टाकू नयेत, एकदम भडकतात.

गट कार्यालयात एक फुटाची स्टीलची पट्टी ठेवली आहे. ऊसनोंदीला किंवा बेण्याच्या चौकशीला याल तेव्हा मुलांची सायकल बरोबर आणलीत तर चेन मोजून देऊ. कव्हर मात्र घरूनच काढून आणावे.